डिझेल परताव्याची यादी बंदरावर लावा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मच्छिमारांना डिझेलवर भरलेला कर सरकार परत देते; या डिझेल परताव्यातील गैरप्रकारांची चर्चा होते ती फक्त पैशाच्या अंगाने. आम्हा श्रीवर्धनकरांना तेवढ्यावर थांबता येत नाही. एखादी नौका वर्षानुवर्षे पाण्यातच उतरत नसेल, पण कागदावर तिचा परवाना चालू असेल आणि तिच्या नावावर डिझेल उचलले जात असेल, तर सरकारी तिजोरीला चुना लागतोच. पण ते डिझेल आणि तो नोंदणी क्रमांक कोण वापरतो, हा प्रश्न त्याहून गंभीर आहे.

फेब्रुवारी १९९३ मध्ये आमच्या तालुक्यातल्या शेखाडीला आरडीएक्स उतरले. १२ मार्चला मुंबईतल्या बॉम्बस्फोटांत २५७ माणसे गेली. लाच घेऊन या मालाला वाट करून देणारे कस्टम आणि पोलिसांतले लोक पुढे न्यायालयात दोषी ठरले. २००८ मध्ये दहशतवाद्यांनी ‘कुबेर’ ही गुजरातची मासेमारी नौका भर समुद्रात ताब्यात घेतली, तांडेल-खलाशांना ठार केले आणि तिच्यातूनच ते मुंबईजवळ पोचले. त्यानंतर मच्छिमारांना ओळखपत्रे मिळाली, नौकांना रंग ठरले, सागरी पोलीस ठाणी वाढली. हे सगळे शेवटी नौकांच्या नोंदवहीवर उभे आहे. नोंदवहीच खोटी असेल तर गस्तीवरचा शिपाई ताडून पाहणार कशाशी?

माहिती अधिकार कायद्याच्या (२००५) कलम ४ प्रमाणे अनुदान योजनांच्या लाभार्थ्यांचा आणि रकमेचा तपशील खात्याने आपणहून जाहीर करायचा असतो. तो प्रत्येक बंदरावर मराठीत फलकावर लावा: नौकेचे नाव, क्रमांक, उचललेले लिटर, मिळालेला परतावा. कोणाची नौका कधी बाहेर पडली, हे जेटीवर लिलावाला बसणाऱ्या बायकांनाही तोंडपाठ असते. त्यांच्याइतकी चोख तपासणी कोणतेही पथक करू शकणार नाही.

मात्र तपासणीच्या नावाखाली सरसकट सगळ्यांचा परतावा अडवू नये. तो आधीच महिनोन्महिने थकतो आणि प्रामाणिक नौकामालक व्याजाने पैसे काढून डिझेल भरतो. लाडकी बहीण योजनेत पुरुषांनीही लाभ घेतल्याचे उघड झाले, आणि ई-केवायसीसाठी धावपळ कोणाची झाली? रेंज नसलेल्या वाड्यांतल्या बायकांची! पुरुषांचे ते अर्ज मंजूर कोणी केले, मंजूर करणाऱ्यांचे काय झाले, हे अजून लोकांना समजायला हवे आहे. डिझेलच्या बाबतीतही सही करणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव त्याच फलकावर असावे.

जून-जुलैच्या मासेमारी बंदीत नौका किनाऱ्याला ओढलेल्या असतात. मत्स्यव्यवसाय खाते, सागरी पोलीस आणि मच्छिमार सोसायटी यांनी तेव्हाच एकत्र फिरून प्रत्येक नौका क्रमांकासह मोजावी आणि जी सापडणार नाही तिचा परवाना हंगाम सुरू होण्याआधी रद्द करावा.

– एक वाचक, श्रीवर्धन, जि. रायगड