बेकरीवाल्याच्या पोराची गोष्ट

ल्यों, रविवार

प्रिय दिल्या,

तू विचारलंस सध्या काय वाचतोयस, आणि मी "एक फ्रेंच म्हातारा आहे, सावकाश सांगतो" म्हणून टाळलं, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळीत सांगण्यासारखं ते नाहीच. आज घरी निवांत आहे, बाहेर पाऊस आहे, तेव्हा सविस्तर लिहितो. चहा घेऊन बस, मोठं होणार आहे हे.

माणसाचं नाव बर्नार क्लावेल. भारतात फारसं कुणी ऐकलेलं नसेल, पण इथे त्याची पुस्तकं जुन्या पुस्तकांच्या बाजारात ढिगाने मिळतात, पुस्तकं शंभरच्या आसपास लिहिली त्याने, कुणाच्याही आजीच्या कपाटात दोनतीन सापडतातच. आणि पॅरिसच्या साहित्यिक मंडळींना विचारलंस तर "हां, तो प्रादेशिक कादंबरीकार" एवढंच म्हणून विषय संपवतात. प्रादेशिक म्हणजे दुय्यम, हे न बोलता त्यात आलंच. आपल्याकडे कोल्हापूर-साताऱ्याच्या लेखकाबद्दल पुण्यात जसं बोलतात ना, तोच सूर!

पण तुला मुद्दाम सांगायचं कारण वेगळंय. हा तुझ्यासारखाच बेकरीवाल्याचा पोरगा आहे. 29 मे 1923 ला जन्म, गाव लों-ल-सोनिए, स्वित्झर्लंडच्या सीमेलगत ज्युरा म्हणून डोंगराळ भाग आहे तिथलं. ते लाफिंग काऊ चीज माहितीये ना, गोल डबीतलं, लाल गाय हसतेय, ते ह्याच गावचं, 1921 पासूनचं. बाप भट्टीवर उभा राहून राहून म्हातारा झालेला. पोराने चौदाव्या वर्षी शाळा सोडली आणि 1937 मध्ये शेजारच्या दोल गावात एका केकवाल्याकडे शिकायला राहिला. शिकायला म्हणजे काय, राबायलाच. पहाटे अंधारात उठायचं, क्रोसाँ करायचे, मग सायकल काढून गावभर पोचवायचे, परत येऊन भांडी घासायची, आणि मालकाच्या शिव्या आणि वर हातपण. आता गंमत बघ, 1936 ला फ्रान्समध्ये डाव्यांचं सरकार आलं होतं, आठवड्याला चाळीस तास काम आणि वर्षाला दोन आठवडे भरपगारी सुट्टी असे कायदे झाले होते, सगळीकडे जल्लोष. पण छोट्या दुकानाच्या मागच्या खोलीत चौदा वर्षांचं पोरगं किती तास उभं आहे ते बघायला कोण येतंय? हे सगळं त्याने पंचवीस वर्षांनी 'दुसऱ्यांचं घर' अशा नावाच्या कादंबरीत लिहिलं, 1962 ला आली. त्यातला पोरगा ज्युलियाँ द्युब्वा म्हणजे नाव बदललेला तो स्वतःच, आणि आडनाव आईच्या माहेरचं.

ती वाचताना मला सारखा तू आठवत होतास, तुमची मागची खोली, भट्टीची धग, काकांचे कोपरापर्यंत मैद्याने पांढरे हात. क्लावेल कामाचं वर्णन करतो ना तेव्हा बाहेरून बघणाऱ्यासारखं करत नाही. पाठ कुठे दुखते, बोटं कशी फुटतात, झोप डोळ्यावर असताना पत्रा उचलताना काय होतं, हे त्याला माहितीये. शहरातले लेखक "कष्टकरी" वगैरे लिहितात तेव्हा मला थोडं हसूच येतं, ह्याच्याकडे ती भानगडच नाही.

पुढे युद्ध आलं, सगळं विस्कटलं. मग जंगलात लाकूडतोड, द्राक्षमळ्यात मजुरी, बुक बाइंडिंग, सोशल सिक्युरिटीच्या ऑफिसात कारकुनी, जे मिळेल ते. मुळात त्याला चित्रकार व्हायचं होतं, चित्रं काढायचा पण खूप. ल्योंच्या दक्षिणेला वेर्नेझाँ म्हणून गाव आहे रोन नदीच्या काठावर, तिथे बायकोपोरं घेऊन राहिला, दिवसा नोकरी आणि रात्री लिखाण. 1956 ला पहिली कादंबरी छापून आली, तिचं नावच 'रात्रीचा कामगार'. लेखक व्हायच्या नादात घरच्यांची कशी फरफट करतो अशा माणसाची गोष्ट आहे ती, स्वतःलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केल्यासारखी. पहिल्याच पुस्तकात एवढं! लोक पहिल्या पुस्तकात स्वतःला हिरो करतात.

मग पत्रकारिता. ल्योंचा 'ल प्रोग्रे' म्हणून पेपर आहे, 1859 पासूनचा, अजून निघतो, आमच्या खालच्या कॅफेत काउंटरवर पडलेला असतो. त्यात काम केलं त्याने. माझं स्वतःचं मत असं आहे की त्याची वाक्यं पेपरमध्ये घडली. छोटी, सरळ, कुणी काय केलं ते आधी, भावना नंतर किंवा नाहीच. समीक्षकांना हे साधं वाटतं, मला तर हीच त्याची ताकद वाटते, पण असो, मी काय समीक्षक नाही.

आता 1968 ची भानगड ऐक, ही भारी आहे. गोंकूर म्हणजे इथलं सगळ्यात मोठं साहित्याचं बक्षीस, पॅरिसच्या द्रुआँ रेस्टॉरंटमध्ये दहा परीक्षक, म्हणजे गोंकूर अकादमीचे सभासद, जेवायला बसतात आणि जेवता जेवता ठरवतात. रक्कम तेव्हा फक्त 50 फ्रँक, पण ते मिळालं की पुस्तक लाखांनी खपतं, म्हणून सगळे जीव टाकतात. त्या वर्षी मे महिन्यात पॅरिसमध्ये कॉलेजच्या पोरांनी रस्ते उखडले होते, देश बंद पडला होता, आणि नोव्हेंबरमध्ये परीक्षकांसमोर एका बाजूला फ्रांस्वा नूरिसिए, पॅरिसमधलं बडं नाव, कवी आरागों त्याच्या मागे ठाम उभा, आणि दुसऱ्या बाजूला आपला क्लावेल, 'हिवाळ्याची फळं' घेऊन. मतं अडली. मग अध्यक्ष रोलां दोर्जेलेसचं मत दुप्पट धरतात त्या नियमावर क्लावेल जिंकला. आरागों एवढा चिडला की त्याने अकादमीचा राजीनामाच दिला. म्हणजे बघ, बेकरीवाल्याच्या पोराला बक्षीस मिळालं आणि बातमी झाली दुसऱ्याच्या राजीनाम्याची.

आणि पुस्तक कशावर, तर दोन म्हाताऱ्यांवर. बास. जर्मनांच्या ताब्यातलं लों-ल-सोनिए, रेशनिंग, थंडी, रिटायर झालेला बेकरीवाला आणि त्याची बायको. सरपण नाही म्हणून दोघं हातगाडी घेऊन जंगलात लाकडं आणायला जातात, आणि एवढ्या एका गोष्टीवर तो पानंच्या पानं लिहितो, गाडी चढावर कशी ओढायची, कोण पुढे कोण मागे, म्हाताऱ्याचा खोकला, आणि तंबाखू मिळत नाही म्हणून त्याची होणारी चिडचिड. युद्ध चाललंय सगळ्या जगात आणि ह्या माणसाला चिंता तंबाखूची, आणि वाचताना तुला ते शंभर टक्के पटतं. वर दोन पोरांचं दुखणं. थोरला पहिल्या बायकोचा, तो जर्मनांशी धंदा करून कमावतोय. धाकटा, हा दुसरीचा, पलटणीतून पळालेला, लपून राहतोय. बाप एकाला धरतो, आई दुसऱ्याला. चूक कोण बरोबर कोण हे क्लावेल सांगत बसत नाही, घरात जेवताना कोण गप्प बसलं तेवढं दाखवतो. आईबापाचं म्हातारपण लिहिताना लेखक हमखास पाघळतात, हा नाही पाघळला.

सिनेमेपण निघाले त्याच्या कादंबऱ्यांवर. 1965 ला झाँ गाबाँ ह्या नटाचा एक, आणि पुढच्या वर्षी फेर्नांदेलचा, त्यात ज्युरातला शेतकरी ख्रिसमसच्या तोंडावर ल्योंला गेलेल्या पोरीला शोधायला येतो आणि ती इथे काय धंदा करतेय ते त्याला हळूहळू कळत जातं. फेर्नांदेल म्हणजे इथला विनोदी नट, त्याला त्या रोलमध्ये बघणं जड जातं.

मला स्वतःला सगळ्यात आवडलेलं मात्र 1972 चं, 'नदीचा धनी' म्हणू आपण. साल 1840, रोन नदीवर होड्यांचा तांडा, वरच्या दिशेला जाताना काठावरून घोडे ओढतात आणि तेवढ्यात आगबोटी आल्यात. फिलिबेर मेर्लाँ नावाचा तांडेल हट्टाला पेटतो की वाफेला हरवीन. हरणार हे पहिल्या पानापासून माहिती असतं तरी खाली ठेवता येत नाही. वाचून झाल्यावर मी ट्रेनने वेर्नेझाँला जाऊन आलो. 1966 ला वर पिएर-बेनीतला धरण झालं, बरंचसं पाणी बाजूच्या कालव्याने जातं, जुनं पात्र रोडावलंय. ती खवळणारी नदी आता पुस्तकातच.

स्वभावाने सोपा नव्हता हा माणूस. 1971 ला गोंकूर अकादमीत त्यालाच घेतलं, जिओनो हा लेखक वारला त्याच्या खुर्चीवर, आणि 1977 ला ह्यानेही राजीनामा दिला. सरकारने लीजन ऑफ ऑनर, इथला सगळ्यात मोठा सरकारी किताब, देऊ केला, नको म्हणाला. युद्धाचा मनापासून तिटकारा. 1974 ला अल्जेरियाच्या युद्धातून घरी आलेल्या सैनिकावर 'शस्त्रांचं मौन' लिहिलं, त्यावर फॉरेन लीजनचा, म्हणजे परदेशी लोक भरती करणाऱ्या फ्रेंच पलटणीचा, एक जवान भडकला, तर क्लावेलने त्याला उत्तर म्हणून अख्खं पुस्तकच लिहून काढलं! सैन्यात जायला नकार देणाऱ्या पोरांची बाजू घ्यायचा, युद्धात होरपळलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या स्विस संस्थेबरोबर राबला. घरं तर इतकी बदलली की विचारू नकोस, चाळीसच्या वर म्हणतात. दुसरी बायको क्वेबेकची, ती पण लेखिका, तिच्यामुळे कॅनडाला गेला आणि तिथल्या उत्तरेकडच्या जंगलावर सहा कादंबऱ्या लिहिल्या, शेवटची 1989 ला, जेम्स बे च्या धरणात जमीन जाणाऱ्या आदिवासींवर. म्हणजे हा कुठल्या प्रदेशाचा प्रादेशिक लेखक रे? ज्युरा, रोन, क्वेबेक, शिवाय सतराव्या शतकातल्या युद्ध आणि प्लेगच्या काळातली पाच पुस्तकांची मालिका वेगळीच. थंडी, लाकूड, घोडे, हात, हे असलं की झालं, नकाशा कुठलाही चालतो त्याला.

सगळंच चांगलंय असं नाही हां. इतकं लिहिल्यावर काही पातळ होतंच, कॅनडाच्या मालिकेत मधेमधे मी पानं उलटत गेलो, आणि त्याच्या कादंबऱ्यांतल्या बायका बहुतेक वेळा फार सोशिक आणि फार शहाण्या असतात. 2010 च्या ऑक्टोबरमध्ये गेला, सत्त्याऐंशीचा होऊन.

आता कामाचं. 'दुसऱ्यांचं घर' मधली भट्टीची पानं मी रात्री थोडी थोडी मराठीत उतरवतोय, हौस म्हणून, छापायला वगैरे नाही. पण अडतंय, आपल्या बेकरीतले शब्द मला नीट माहीत नाहीत. पाव आत सरकवायच्या त्या लांब लाकडी दांड्याच्या फळीला तुमच्याकडे काय म्हणतात? आणि आदल्या दिवशीचा आंबवलेला गोळा राखून ठेवतात त्याला? काकांना विचारून व्हॉइस नोट टाक, त्यांच्याच आवाजात टाकली तर अजून बरं. काकूंना नमस्कार, आणि खारीचं पार्सल ह्या वेळी नीट पॅक कर, मागच्या वेळी नुसता भुगा आला होता.

तुझाच,
सुन्या