सूचना : वाचनालयाची दुरुस्ती आणि रॅम्प

सर्व सभासदांना नमस्कार,

येत्या सोमवारपासून वाचनालयाच्या इमारतीचं काम सुरू होत आहे. पाडून नवीन बांधा, असं काहींचं म्हणणं होतं. कार्यकारिणीने ते मानलं नाही. जळगावच्या 44-45 अंशांच्या उन्हाळ्यात मातीच्या जाड भिंती आणि धाबं (मातीचं सपाट छप्पर) जो गारवा देतात, तो स्लॅब देणार नाही. भिंतींना गिलावा चुन्याचाच होईल. सिमेंटमुळे ओल आत कोंडते आणि माती भुसभुशीत होते. ठेकेदाराने परस्पर सिमेंट आणलं तर लगेच कळवा.

दर्शनी तीन पायऱ्या मिळून दीड फूट उंच आहेत. रॅम्पचा उतार 1:12 ठेवायचा, एक फूट उंचीला बारा फूट लांबी, म्हणजे एकूण लांबी 18 फूट. "एवढा लांब कशाला?" हे चारचौघांत विचारून झालंय. आखूड केला तर चाकाची खुर्ची एकट्याला चढवता येत नाही, उतरताना आवरत नाही. वर आणि खाली पाच-पाच फूट सपाट जागा लागेल. म्हणून ओट्यालगतच्या मोटारसायकली उद्यापासून मागच्या बोळात. अंगणातल्या निंबाला धक्का लागणार नाही, रॅम्प त्याला वळसा घालून जाईल.

दाराचा उंबरठा काढावाच लागतो. ज्यांना वाईट वाटतंय त्यांच्यासाठी : लाकूड जपून ठेवू.

रॅम्पच्या कठड्याची उंची ठरवायला रविवारी सकाळी 8 वाजता, ऊन चढायच्या आत जमायचं आहे. काठी, वॉकर किंवा चाकाची खुर्ची वापरणाऱ्या सभासदांनी अवश्य यावं. उंची त्यांच्या हातानेच ठरेल.

वर्तमानपत्रं तोवर शेजारच्या मंदिराच्या ओवरीत मिळतील.

– कार्यवाह