झोपेच्या गोळ्यांच्या तक्त्यात वयाचा रकाना कुठाय?

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.

परवाच्या पुरवणीतला झोपेच्या गोळ्यांचा तक्ता बघितल्यापासून डोकं तापलंय. कुठली गोळी किती मिनिटांत झोपवते यावर नंबर लावलेत, झोल्पिडेम वरच्या नंबरात. पण घेणाऱ्याचं वय किती, बाई की पुरुष, डोस किती, यातलं काहीच नाही!

माझी आई ७४ वर्षांची. तिला झोल्पिडेम १० मिलिग्रॅम दिली होती आणि झोप लागायची, अगदी तुमच्या तक्त्यात लिहिलीय तशीच. एका रात्री दोनच्या सुमारास जळका वास आला म्हणून उठले तर आई गॅससमोर उभी, डोळे उघडे, हातात पळी, आणि शेगडीवर रिकामं पातेलं, बूड लालभडक झालेलं. हाक मारली तर ओ नाही. हाताला धरून झोपवली. सकाळी तीच मला विचारते, "अगं, पातेलं कोणी जाळलं?" तिला काही म्हणजे काही आठवत नव्हतं.

अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रण संस्थेने, २०१३ मध्येच बायकांसाठी हा डोस १० वरून ५ वर आणायला लावला, कारण त्यांच्या शरीरातून ही गोळी हळू बाहेर पडते. वयस्करांनाही ५ च सांगतात. झोपेत चालणं, स्वयंपाक, गाडी चालवणं यासाठी २०१९ मध्ये झोल्पिडेम, एसझोपिक्लोन आणि झालेप्लॉनवर चौकटीतला कडक इशारा छापायला लावला. हे तक्त्यात एका ओळीत मावलं असतं. २०२२ ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात झोपेच्या औषधांची जी मोठी तुलना आली त्यात एसझोपिक्लोन आणि लेम्बोरेक्संट चांगल्या ठरल्या खऱ्या, पण एसझोपिक्लोनचे साइड इफेक्ट आणि लेम्बोरेक्संटच्या सुरक्षिततेचा अपुरा डेटा हेही तिथेच लिहिलंय. तुम्ही फक्त नंबर उचललात.

अल्प्राझोलाम या चिंता कमी करणाऱ्या गोळीबद्दल "सवय लागली तर बंद करावी" एवढंच छापलंय. अहो, रोज घेणाऱ्याने ती एकदम बंद केली तर फिट येऊ शकते! डॉक्टरांना विचारून डोस हळूहळू कमी करतात, हे तरी लिहा.

आणि तक्त्यासोबतचा तो फोटो. गोळ्यांच्या स्ट्रिपशेजारी वाइनचा ग्लास कोणी ठेवला? दारू आणि या गोळ्या एकत्र घेतल्या तर श्वास मंदावून माणूस दगावू शकतो. कृपया तो फोटो वेबसाइटवरून आजच काढा आणि तक्ता दुरुस्त करून त्याच जागेवर, तेवढ्याच मोठ्या अक्षरात छापा.

– आपली एक नियमित वाचक