ख्रिस्तशरीर वाटेत थांबू नये

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

‘मिस्सा’ (कॅथलिक चर्चमधली मुख्य उपासना) हा शब्द लॅटिनमधल्या ‘पाठवणे’ या क्रियापदावरून आला. ‘मी सदैव तुमच्याबरोबर आहे’ हे वचनही (मत्तय 28:20) प्रभूने शिष्यांना बाहेर धाडतानाच दिले. आपल्याच धर्मप्रांतात, उदयनगरला, सिस्टर राणी मारिया गरिबांना सावकारांच्या पाशातून सोडवण्यासाठी झटल्या आणि 25 फेब्रुवारी 1995 रोजी त्यापायी मारल्या गेल्या. मिस्सा चर्चच्या दारात संपत नाही, हे इंदूरला वेगळे सांगायला नको. तरीही अंथरुणाला खिळलेल्यांकडे कम्युनियन, म्हणजे मिस्सेत पवित्र केलेली भाकर (ख्रिस्तशरीर), छोट्या डबीतून नेताना हेच विसरले जाते. त्या डबीतून प्रभू स्वतः त्या घरी जात असतो.

आजाऱ्यांची नावे शनिवारीच पक्की करावीत. कोणाला दवाखान्यात हलवले, कोणाला नळीने अन्न सुरू झाले, हे फोन केल्याशिवाय कळत नाही. मिस्सा झाली की थेट आजाऱ्याकडे. वाटेत भाजी घेणे नको. डबी किल्ल्यांबरोबर खिशात नको, गळ्यातल्या पिशवीत असावी. उरलेले ख्रिस्तशरीर घरी ठेवू नये, चर्चमध्ये परत न्यावे.

घरच्यांनी स्टुलावर पांढरा कपडा, क्रूस, मेणबत्ती, पेलाभर पाणी आणि चमचा मांडला की झाले. ऑक्सिजन चालू असेल तर मेणबत्ती पेटवूच नये. एक तासाचा उपवास आजाऱ्याला आणि त्याची शुश्रूषा करणाऱ्याला लागू नाही. तरी मधुमेहाच्या आजी सकाळपासून उपाशी बसतात आणि साखर उतरते. त्यांना हे आधीच समजावून सांगावे.

सर्वांत जास्त चुका गिळताना होतात. अर्धांगवायूच्या रुग्णाला आडवे असताना काही देऊ नये. पाठीशी उशी देऊन बसवावे, नखाएवढा तुकडा द्यावा, वर चमचाभर पाणी. तेवढ्या कणातही प्रभू पूर्ण आहे. पाण्यानेही ठसका लागत असेल तर आग्रह धरू नये. प्रार्थना करावी आणि फादरांना कळवावे. चमचा विसळलेले पाणी कम्युनियन नेणाऱ्या सेवकाने पिऊन टाकावे, बेसिनमध्ये ओतू नये.

आणि एक कळकळीची विनंती. आजाऱ्याला तेल लावण्याचा संस्कार फक्त धर्मगुरूच देऊ शकतात आणि तो केवळ अखेरच्या घटकेसाठी नाही. मोठ्या शस्त्रक्रियेआधी, रुग्ण भानावर असताना बोलवा. ‘फादर आले म्हणजे संपले’ या भीतीने घरचे थांबतात, आणि फोन येतो तोवर आजाऱ्याची वाचा गेलेली असते. पापनिवेदन (धर्मगुरूपुढे पापांची कबुली) राहूनच जाते.

— काही कॅथलिक वाचक, इंदूर