प्रिय शालू, मंदाचं काय करायचं?

प्रिय शालू,

पत्र बघून दचकू नकोस, कोणाला काही झालेलं नाही. फोनवर सांगता आलं असतं तर फोनच केला असता. पण फोनवर तू दर वाक्याला "अगं थांब थांब" करतेस आणि मूळ गोष्ट राहते बाजूला. इतके दिवस गप्प का होतीस म्हणशील, तर कारण काही नाही, आळस. प्रकृती ठीक. गोळ्या त्याच, डॉक्टर तेच.

परवा मंदाच्या लेकीचा फोन आला. आधी इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, "मावशी, आईला एवढंच सांगाल का, की टूर फुल्ल झाली? जागाच नाही म्हणा. ती तुमचं ऐकते."

मंदा माझं ऐकते, हे मला नव्यानेच कळलं! पॅरिसच्या लूव्र म्युझियममध्ये आठवतंय ना? अख्खा ग्रुप मोनालिसापुढे माना उंच करून उभा, आणि ही बया पाठ फिरवून समोरच्या भिंतीवरच्या त्या अवाढव्य लग्नाच्या पंगतीकडे बघत बसलेली. चित्र चांगलं दहा मीटर रुंद, व्हेरोनेझेचं. "त्या बाईला बघायला सगळं जग आलंय, या एवढ्या माणसांकडे कोणीच बघत नाही," म्हणाली आणि हलेना. मी हाताला धरून ओढलं, तू धमक्या दिल्यास, टूर लीडरने तीनदा डोकी मोजली. शेवटी तिला हवं तेव्हाच आली. मागे राहणं हा तिचा स्वभावच. म्हणून तर इस्तंबूलला आपण सुरुवातीला घाबरलो नाही.

त्या दिवसाबद्दल आपण परत कधी बोललोच नाही, शालू. आज बोलते.

ग्रँड बझारमध्ये शिरताना त्या मुलाने बजावलं होतं, आत साठेक गल्ल्या आहेत, चार हजारांच्या आसपास दुकानं आहेत, बाहेर पडायला वीसहून जास्त दरवाजे आहेत, पण आपला दरवाजा एकच, नुरुओस्मानिये. सगळे आले. मंदा नाही. तिचा फोन बसमध्ये, चार्जरला. तू म्हणालीस, "बसली असेल गालिचेवाल्याकडे चहा पीत." आणि ती चेंबरलिताशच्या त्या जळक्या खांबापाशी सापडली, पर्स मांडीवर घेऊन, अगदी शांत. आपल्याला बघून म्हणाली, "आलात? ल्युसर्नची बोट किती वाजता आहे?"

तू हसलीस. मग मीही हसले. मग तिचा चेहरा बघितला.

स्वित्झर्लंडचं ते ल्युसर्न होऊन तेव्हा कितीतरी वर्षं झाली होती. बसमध्ये तू सगळ्यांना सांगून टाकलंस की बाईसाहेब खरेदीत रमल्या होत्या, आणि नानासाहेबांनी त्यावर पुढचे चार दिवस विनोद केले. आपण ते गिळलं. मी हॉटेलवर विषय काढला, तर तू म्हणालीस, "उन्हाने होतं असं." ऊन कुठे होतं गं? छत्र्या उघडून फिरत होतो आपण.

लेक म्हणते, तपासण्या झाल्या आहेत. सुरुवात आहे. औषधं चालू केलीत, पण आईला ती स्मरणशक्तीच्या टॉनिकच्या नावाने देतात. घराबाहेर एकटं सोडत नाहीत. हे सगळं मला सांगते आणि वर म्हणते, आईला यातलं काही माहीत नाही.

फोन ठेवला आणि तुर्कस्तानचे फोटो काढून बसले. तू चिडवशील, पण या वेळी मी स्वतःला बघत नव्हते. इस्तंबूलनंतरच्या प्रत्येक सकाळी, गोरेमेला, कोन्याला, पामुक्कलेला, मंदाच्या गळ्यातल्या पर्सच्या बाहेरच्या कप्प्यातून एक पांढरं कार्ड डोकावतंय. हॉटेलचं कार्ड. रोज नवं. आठवलं? रिसेप्शनवरून उचलायची आणि "नातवाला जमवायला" म्हणायची. नातवाला कसली कार्डं! बझारच्या त्या दिवसाआधीच्या एकाही फोटोत ते नाही. तेव्हा आईला माहीत नाही असं लेकीला खुशाल वाटू दे. मंदाला माहीत आहे. आपल्या सगळ्यांच्या आधी तिला कळलं आणि तिने त्यावर गुपचूप उपायही शोधला.

(हिशेबाच्या वहीत मंदाने बॉस्फरसची बोट तीनदा मांडलेली होती, त्यावरून मी चिडले आणि तू तिची बाजू घेतलीस, ते प्रकरण आत्ता उकरत नाही. पामुक्कलेच्या पाण्यात पाय सोडून तिघी तीन दिशांना तोंडं करून बसलो होतो, तो फोटो मात्र फार छान आलाय. फ्रेम करावा असा.)

तर मी लेकीला हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. "बघते" म्हटलं. आणि इकडे मंदा दोन दिवसांआड फोन करते. बॅग माळ्यावरून काढून घेतलीय. तारीख ठरली का, कुठे जायचं ठरलं का, एक्स्ट्रा बेडवर या वेळी कोणाची पाळी. त्या फोल्डिंगच्या खाटेवरून आपण तिघींनी जितकं भांडण केलंय तितकं सख्ख्या बहिणी इस्टेटीवरून करत नसतील. ट्रिपल शेअरिंग म्हणजे तीन पलंग, असं तुला पहिल्या टूरला वाटलं होतं. आणि पॅरिसच्या त्या खोलीत खाट उघडली की बाथरूमचं दार उघडायचं नाही! रात्री कोणाला जायचं असेल तर तिघींनी उठायचं.

खोटं मी बोलणार नाही. टूर फुल्ल झाली म्हणून सांगायचं आणि मग आपण दोघी गुपचूप जाऊन यायचं? फोटो कोणाला दाखवायचे? आणि नेलं तर जबाबदारी कोणाची? मी रात्रभर यावरच घोळ घालतेय आणि सकाळी उठून परत पहिल्यापासून.

पुढच्या टूरचं ग्रुपमध्ये काय चाललंय ते तुला माहीत नसेल, तू मेसेज वाचतच नाहीस. नानासाहेबांना नॉर्वे हवंय. नॉर्थ केपला मे मध्यापासून जुलैअखेरपर्यंत सूर्य मावळतच नाही, रात्री बारा वाजता उन्हात फोटो काढायचाय त्यांना. तेच ना गं ज्यांना युरोपात वाटलं होतं की ड्रायव्हर पेट्रोल पंपवाल्याला सामील आहे? साडेचार तास चालवलं की पाऊण तास थांबायचंच, हा तिकडचा कायदा, ते बिचारं पोरगं बसमधल्या यंत्राची नोंद काढून दाखवत होतं आणि हे घड्याळ दाखवत होते. मी एरवी नॉर्वेला एका पायावर तयार झाले असते. पण जिची वेळेचीच गाठ सैल होत चाललीय, तिला जिथे रात्रच होत नाही तिथे न्यायचं? नको.

रेखाला जपान हवंय. चेरीच्या फुलांबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण टोकियोच्या शिंजुकू स्टेशनला दोनशेहून जास्त दरवाजे आहेत म्हणे, आणि ती बुलेट ट्रेन बऱ्याच स्टेशनांवर जेमतेम मिनिटभर थांबते. इस्तंबूलच्या वीस दरवाज्यांनी आपली ही गत केली. पुढे वाचलंच नाही.

मग मी विचार केला, की मंदाला नेमकं घोळात टाकतं काय? चालण्यात ती आपल्या दोघींच्या पुढे आहे. बोलते छान, खाते छान, दगडी मूर्ती दिसली की तासभर हलत नाही. तिला घोळात टाकतं ते आपलं सहा-सात-आठ. सहाला उठवणार, सातला नाश्ता, आठला बस, आणि रात्री नवं गाव, नवी खोली. दिव्याची बटणं वेगळी, लिफ्ट वेगळ्या टोकाला. बाथरूम कुठल्या हाताला हे तिसऱ्या हॉटेलपासून मलाच कळेनासं होतं, आणि माझं डोकं (तू काहीही म्हण) अजून शाबूत आहे.

म्हणून इजिप्त. वेडी म्हणू नकोस, ऐक. लक्सरला नाईलवरच्या बोटीत चढायचं आणि आस्वानला उतरायचं, मधले तीन-चार दिवस खोली तीच, पलंग तोच, जेवणाचं टेबल तेच. बॅग एकदाच उघडायची. आपण झोपलेलो असताना गावं आपली आपण येतात. एडफूचं होरसचं देऊळ, कोम ओम्बोचं ते जोडदेऊळ, एका बाजूला मगरीचा देव आणि दुसऱ्या बाजूला ससाण्याचा, तिथे मगरींच्या ममी ठेवल्यात. एस्नाच्या लॉकमध्ये (बोटी खाली-वर करणारं ते पाण्याचं कुलूप गं) बोट खोळंबली की होड्यांतून विक्रेते येतात आणि खालून वर डेकवर झगे फेकतात, पसंत पडला तर पैसे पिशवीत घालून खाली टाकायचे. घासाघीस मंदा करील. झगा खाली परत फेकण्याची तिची तऱ्हा डोळ्यांपुढे येतेय माझ्या!

इतकं जुळवलं, खूश झाले, आणि मग कळलं की किनाऱ्यावर बोटी एकीला एक लागून उभ्या करतात. चार-चार, पाच-पाच. आपली बोट शेवटची असली, तर आधीच्या सगळ्या बोटींच्या लॉबीतून चालत जायचं. आणि लॉबी सगळ्या सारख्याच, पितळी कठडे, गोल जिना, चकचकीत फरशी. आपणच चुकीच्या बोटीत शिरून चुकीच्या खोलीला किल्ली लावू. मंदा तर कोणाच्या तरी बोटीतून थेट उलट दिशेला निघून जायची. हसू नकोस. मी पण हसले होते.

तरी मला वाटतं, हे जमण्यासारखं आहे. किनाऱ्यावर चढता-उतरताना एकीने पुढे, एकीने मागे, मंदा मध्ये. गळ्यात बोटीचं कार्ड घालायचं, तेही तिघींनी, म्हणजे तिला एकटीला बिल्ला लावल्यासारखं वाटणार नाही. पण याला दोघी लागतात, शालू. एकटीने होणार नाही. तू नाही आलीस तर मीही जाणार नाही, आणि हे मी तुला कोंडीत पकडायला लिहितेय हे तुला कळेलच. कळू दे.

अबू सिंबेलचा, म्हणजे डोंगरात कोरलेल्या त्या रामसेस राजाच्या देवळाचा, प्रश्न राहतोच. आस्वानहून पहाटेच्या अंधारात निघायचं, तीन-साडेतीन तास वाळवंटातून जायचं, तेवढंच परत यायचं. मंदासाठी मी तेही सोडीन असं लिहिणार होते, पण ते खोटं होईल. मला ते बघायचंच आहे. नासरच्या धरणात बुडू नये म्हणून १९६४ ते १९६८ या काळात अख्खं देऊळ करवतीने कापून पासष्ट मीटर वर नेऊन बसवलं. वर्षात दोनदा, २२ फेब्रुवारी आणि २२ ऑक्टोबरच्या आसपास, सूर्य पार आतल्या गाभाऱ्यात पोचतो, तिथे बसलेल्या चौघा दगडी देवांपैकी तिघांवर ऊन पडतं आणि चौथा, प्ताह, तसाच अंधारात. रामसेसचे मुखडे बघून मंदा बसमध्ये परत येईल का, हा वेगळा प्रश्न. तिला तिथून हलवायला मोनालिसापेक्षा मोठी युक्ती लागेल.

आता खरी गाठ. टूरच्या फॉर्मवर आजारांचा रकाना असतो. तो रिकामा सोडायचा नाही, यावर मी ठाम आहे. विम्यालाही ते लागतं, आणि त्या टूर लीडरच्या गळ्यात चाळीस माणसं असतात, त्याला अंधारात ठेवून कसं चालेल? टूरवाले कदाचित नाही म्हणतील. म्हणू देत, ते खरं कारण असेल. पण रकाना भरायचा तर मंदासमोर भरावा लागेल, सही तिची आहे. लेक म्हणेल, मावशीने घात केला. मी लेकीला आधी सांगणार आहे, लपूनछपून नाही. पण मंदाशी तिच्या पाठीमागे ठरवून वागायचं, हे मला जमत नाही. जी बाई रोज सकाळी हॉटेलचं कार्ड उचलत होती, तिच्याशी टॉनिक-टॉनिक खेळायचं?

की मी चुकतेय? तिला ते कार्ड लपवायचंच होतं, आणि मी फोटो दाखवून उघडं पाडतेय, असं तर नाही ना? हे फक्त तुलाच विचारू शकते. बाकी कोणी त्या खांबापाशी नव्हतं.

खोल्यांचं मी ठरवून टाकलंय. बोटीत तिसरा पलंग मिळणं अवघड, तेव्हा मी आणि मंदा एकीत, तू शेजारी एकटी. सिंगलचे जास्तीचे पैसे तिघींनी वाटून घेऊ. तुला सिंगल का, हे विचारू नकोस. कोन्याला शेजारच्या खोलीतल्या माणसाने भिंत ठोकली होती, ती माझ्यामुळे नव्हे.

तुझं काय? गुडघा कसा आहे? व्यायाम करतेस की नुसता तक्ता भिंतीला लावलायस? नव्या घरात सामान लागलं का? नातीचं बारसं झाल्याचं कळलं, नाव छान आहे, फोटो पाठव. सूनबाईंशी जरा जमवून घे, पुढचं सगळं भेटल्यावर.

रविवारी दुपारी मी मंदाकडे जाणार आहे. फॉर्म घेऊन आणि फोटो घेऊन. फोटो दाखवायचे की नाही, ते तू शनिवारपर्यंत कळव. तू स्वतः आलीस तर उत्तमच, पण आलीस तर बाहेरून आधी मला फोन कर, एकदम दारात उभी राहून "ल्युसर्न"बिल्युसर्न काढू नकोस.

तुझी,
विजू

ता. क. तुर्कस्तानला नेलेला प्लगचा अडॅप्टर तुझ्याकडेच आहे. इजिप्तलाही तोच चालतो. या वेळी मी विकत घेणार नाही.