उलाळ होऊ नये म्हणून

उल्म, जर्मनी
८ मार्च २०२६

ती. बाबा व ती. सौ. आई यांस,
शि. सा. नमस्कार.

परवा बाबांनी फोनवर विचारलं की एवढ्या जुन्या गाडीला अजून काय काय लटकवणार आहात. ते दोन वाक्यांत उरकण्यासारखं नव्हतं, म्हणून सविस्तर लिहिते. बाबा, तुमची उमर दापोडीच्या वर्कशॉपात एसटीच्या बॉड्या बांधण्यात गेली, तेव्हा यातलं बरंचसं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल. आईच्या कामाचं शेवटाकडे आहे, पण तिनेही सगळं वाचावं. जूनमध्ये या गाडीत राहायचंय तुम्हा दोघांना.

गाडी म्हणजे मोटरहोम, चाकांवरचं घर; हायमर कंपनीची, १९९७ सालची. खाली फियाट ड्युकाटोचा सांगाडा आणि अडीच लिटरचं डिझेल इंजिन, वर हायमरने बांधलेलं घर. हे घर जिथे बांधलं ते बाड वाल्डझे गाव आमच्यापासून तासाभरावर आहे, आणि तिथे कंपनीच्या संस्थापकाच्या नावाने एक संग्रहालय आहे. एर्विन हायमर यांनी १९५७ मध्ये पहिला कॅरॅव्हॅन, म्हणजे मोटारीमागे जोडून ओढायचं घर, बांधला तो एरिख बाखेम नावाच्या अभियंत्याबरोबर. या बाखेमनी युद्धाच्या शेवटी उभं उडणारं रॉकेट विमान आखलं होतं. विमानवाल्या माणसाचा हात लागल्यावर वजनाचा विचार पहिल्या दिवसापासून असणार, असं मला तो कॅरॅव्हॅन बघताना वाटलं. तुम्ही आलात की संग्रहालयात नक्की जाऊ.

भिंती कशा आहेत तेही सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. बाहेरून ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, मध्ये पॉलियुरेथेनचा कडक फेस, आतून पुन्हा पातळ थर. एसटीसारखा आत लोखंडी सांगाडा आणि त्यावर रिव्हेटने ठोकलेला पत्रा असा प्रकार नाही. भिंतच स्वतःला तोलून धरते. थंडीत ऊब राहते, वजन कमी राहतं, पण वाटेल तिथे स्क्रू मारून काही टांगायची सोय नाही. स्क्रू फेसातून उपसून येतो.

आता मूळ मुद्दा. लोक जुनी गाडी घेतात आणि जागा कमी पडते म्हणून खोके, रॅक, बाहेर उघडायचं कापडी छत लावत सुटतात. जागा वाढते, पण गाडीने किती वजन वाहायचं तो आकडा वाढत नाही. आमच्या गाडीच्या कागदावर तो आकडा ३२०० किलो आहे. तो वाढवून घेता येतो, पण ३५०० च्या पुढे गेलो तर आमचं लायसन पुरणार नाही. भारतातलं लायसन इथे ६ महिनेच चालतं. नंतर आम्ही दोघांनी लेखी आणि रस्त्यावरची परीक्षा देऊन बी वर्गाचं काढलं, त्याला ३५०० ची मर्यादा आहे. १९९९ च्या आधी इथे लायसन काढलेली जुनी मंडळी साडेसात टनांपर्यंत बिनघोर चालवतात.

म्हणून काहीही विकत घेण्याआधी गाडी काट्यावर नेली. आपल्याकडे कारखान्यावर उसाची गाडी जशी काट्यावर चढते तशीच इथेही सार्वजनिक काट्यावर चढवतात आणि छापील पावती मिळते. आम्ही दोघं आत, डिझेलची टाकी भरलेली, १०० लिटर पाणी, गॅसच्या दोन टाक्या, भांडीकुंडी, अंथरुणं. भरलं २८९० किलो. म्हणजे हातात राहिले ३१०. मग पुढची चाकं खाली उतरवून नुसता मागचा ॲक्सल, म्हणजे मागच्या चाकांचा आस, तोलला: १५०० किलो, त्याची मर्यादा १७५०. एकूण वजनाची पावती घेऊन खूश होणारे खूप भेटतात. मला विचाराल तर मागच्या ॲक्सलची पावती जास्त महत्त्वाची.

का, ते सायकलींवरून दिसतं. आमच्या दोन्ही सायकली बॅटरीवाल्या. बॅटऱ्या काढून आत ठेवल्या तरी रॅकसकट ६७ किलो होतात. पण हे ६७ किलो मागच्या चाकांच्याही मागे, साधारण १.८ मीटरवर लोंबणार. पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर ३.२ मीटर. म्हणजे पुढच्या चाकांपासून सायकली ५ मीटरवर. ६७ ला ५ ने गुणा, ३.२ ने भागा. मागच्या ॲक्सलवर १०५ किलो येतात आणि पुढच्या ॲक्सलवरचे ३८ किलो उचलले जातात. आजोबांची बैलगाडी मागून जास्त भरली की उलाळ व्हायची आणि जू बैलांच्या मानेवरून वर उठायचं, अगदी तोच हिशोब. आणि ड्युकाटोची ताकद पुढच्या चाकांना असते. पुढचं हलकं झालं की ओल्या गवतावर चाकं नुसती फिरतात, आणि पावसात वळणावर स्टेअरिंग हलकं लागायला लागतं. मागे कमानीचे पाटे आहेत, ते अजून ताठ आहेत. त्यांना हवेच्या फुग्यांची जोड द्या असं काहींनी सुचवलं. फुग्यांनी गाडीचं बूड वर येईल, पण ॲक्सलची मर्यादा तेवढीच राहील. तेव्हा ते तूर्त नको असं ठरवलं.

सायकली तरीही मागेच लावल्या, कारण दुसरीकडे जागाच नाही. छपरावर चढवायच्या तर रोज शिडीवर कसरत. मात्र मागच्या भागातलं बाकी सगळं जड सामान काढून पुढे आणलं. रॅक फियामा या इटालियन कंपनीचा, त्याची मर्यादा ६० किलो, त्यात आमच्या ५० किलोच्या सायकली बसतात. जड सायकल भिंतीलगत, हलकी बाहेर.

बसवताना प्रत्येक बोल्ट भिंतीतून आरपार घेतला. भिंतीच्या जाडीएवढी ॲल्युमिनियमची नळी कापून भोकात बसवली, म्हणजे नट आवळताना फेस चेपत नाही. आतून तळहाताएवढी ॲल्युमिनियमची पट्टी, म्हणजे ओढ एका ठिकाणी न येता पसरते. भोकाच्या कडा घासून, उघड्या धातूला प्रायमर देऊन, मग सीलंट. यात आमचा सगळ्यात जास्त वेळ कशात गेला असेल तर आधीच्या मालकाने जिथे तिथे फासलेलं सिलिकॉन काढण्यात. सिलिकॉनवर नंतर दुसरं काही चिकटत नाही, आणि त्यातला आंबट वास येणारा प्रकार ॲल्युमिनियम खातो. तुमच्या जावयांनी लाकडी पट्टीने ते कणाकणाने खरवडलं, आणि काम बघून मला फार समाधान वाटलं. आता चिकटवायला सिकाफ्लेक्स आणि पुढे कधी उघडावं लागेल अशा जोडांना ब्युटिलची पट्टी. सिकाफ्लेक्स हवेतल्या ओलाव्याने आवळतं, पण त्याला निदान ५ अंशांच्या वर ऊब लागते. इथे डिसेंबर ते फेब्रुवारी डॅन्यूबवरून धुकं येतं आणि थर्मामीटर शून्याशी खेळतं, म्हणून उरलेली कामं एप्रिलवर टाकली.

जुन्या मोटरहोमचा खरा शत्रू पाणी आहे. इंजिन दुरुस्त होतं. पण एका भोकातून पाणी भिंतीत शिरलं की फेसाला काही होत नाही, आतल्या लाकडी पट्ट्या आणि जमिनीच्या कडा कुजतात, आणि ते कळतं तेव्हा बोट आत जातं. म्हणून आमचा नियम: जुनं भोक वापरता येत असेल तर नवीन पाडायचं नाही.

सायकलींमुळे नंबरप्लेट किंवा दिवे झाकले गेले तर रॅकवर दुसरी प्लेट आणि दिव्यांची पट्टी लावावी लागते. आपण गार्डा सरोवराकडे जाणार, म्हणजे इटलीत. तिथे मागे बाहेर आलेल्या सामानावर ५० बाय ५० सेंटिमीटरची लाल-पांढऱ्या तिरक्या पट्ट्यांची चमकणारी पाटी सक्तीची आहे. ती आणून ठेवली आहे.

आता छत. दाराच्या बाजूला छपराच्या कडेला एक लांब पेटी बसते, हँडल फिरवलं की त्यातून कापड बाहेर येतं आणि पुढे दोन पाय टेकतात. ३ मीटर लांब आणि अडीच मीटर बाहेर येणारं घेतलं, वजन ब्रॅकेटसह २५ किलो. हायमरच्या छपराची कड गोल आहे, तिथे सपाट पेटी बसत नाही. त्यासाठी नेमके त्या गोलाईचे ब्रॅकेट मिळतात, आणि ते भिंतीत जिथे आधीच मजबुती दिली आहे तिथेच येतात. यात पैसे वाचवू नयेत असं माझं ठाम मत आहे, कारण कापडात वारा भरला की सगळी ओढ त्या चार-पाच बोल्टांवर येते.

पावसाचं गणितही ऐका. साडेसात चौरस मीटर कापडावर नुसतं १ सेंटिमीटर पाणी साचलं तरी ७५ किलो होतं. म्हणून एक पाय नेहमी खाली ठेवायचा, पाणी एका कोपऱ्यातून वाहून जातं. वरून पट्टा टाकून जमिनीत खुंट्या मारायच्या, आणि झोपायच्या आधी छत गुंडाळायचं, आकाश कितीही निरभ्र दिसलं तरी. ओलं गुंडाळावं लागलं तर दुसऱ्या दिवशी उघडून वाळवायचं, नाहीतर बुरशी धरते. आणि हे छत कुठेही उघडता येत नाही. इथे साध्या पार्किंगमध्ये थकवा घालवण्यापुरती एक रात्र झोपलेलं चालतं, पण छत उघडून खुर्च्या मांडल्या की तो मुक्काम धरला जातो, त्याला परवानगी नाही. त्यासाठी कॅम्पिंगची जागा घ्यायची.

राहिलं सामान. दोन गोष्टी केल्या. गाडीच्या आत बाकांखाली खण आहेत, त्यांतले जुने जड फळ्यांचे कप्पे काढून पॉप्लर प्लायचे केले. यमुनानगरचा प्लाय तुम्ही वापरलाय, त्यातही पॉप्लरच असतं. बर्च प्लायपेक्षा वजनाने बराच हलका पडतो. गॅसच्या कप्प्याच्या तळाला जी भोकं आहेत ती मात्र मोकळीच ठेवली आहेत. गॅस हवेपेक्षा जड, गळला तर तिथूनच खाली निघून जातो. तिथे पिशव्या कोंबलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत आणि मला बघूनच धडकी भरली. टाक्याही लोखंडी बदलून ॲल्युमिनियमच्या घेतल्या. गॅस तेवढाच, ११ किलो, पण दोन टाक्या मिळून १२ किलो कमी झाले.

दुसरी गोष्ट अजून व्हायची आहे. गाडीच्या पोटाखाली, दोन्ही ॲक्सलांच्या मध्ये, ॲल्युमिनियमची पेटी टांगायची आहे. रिकामी १२ किलो. त्यात विजेची लांब वायर, पाण्याची नळी, चाकाखालचे ठोकळे असं सगळं जाईल. वजन मध्ये आलं की दोन्ही ॲक्सल ते वाटून घेतात, आणि खाली असल्यामुळे गाडी वळणावर कमी झुकते. छत उजवीकडे आहे म्हणून पेटी डावीकडे.

आता जमाखर्च बघा. हातात ३१०. छत २५, सायकली आणि रॅक ६७, पेटी १२. हे १०४ गेले, राहिले २०६. टाक्यांचे १२ परत मिळाले. प्रवासात १०० ऐवजी २० लिटरच पाणी ठेवायचं, मुक्कामी पोचून भरायचं, त्याचे ८०. झाले २९८. त्यातले १३० तुम्हा दोघांसाठी आणि ४० तुमच्या दोन बॅगांसाठी आधीच बाजूला लिहून ठेवले आहेत, पहिल्या दिवसापासून. छपरावर मोठा खोका लावायचा मोह झाला होता, पण तो भरला की तुमच्या वाट्याचं वजन जातं, म्हणून नाही लावला.

आई, तुझ्यासाठी. दाराची पायरी उंच आहे, तुझ्या गुडघ्याला जमणार नाही, म्हणून खाली ठेवायची अजून एक रुंद पायरी आणि दाराला आतून धरायला दांडा केला आहे. तुम्ही खालच्या पलंगावर झोपायचं, आम्ही पुढे गाडीच्या छपरातून खाली येणाऱ्या पलंगावर. बंद जागेत तुला गुदमरतं हे मला माहीत आहे. दिवसभर छताखाली बसायचं, स्वयंपाकही तिथेच करू. तुझी खुर्ची पाठीला ताठ आहे, हात टेकवता येतात. येताना पोळपाट-लाटणं आणू नकोस, इथे आहे. गोडा मसाला मात्र आण, त्याचं वजन मी धरलेलं आहे.

बाबा, एका गोष्टीत तुमचा सल्ला हवा. पोटाखालच्या पेटीसाठी सांगाड्याला नवीन भोक पाडायचं नाही आणि वेल्डिंग करायचं नाही, हे तुम्ही लहानपणी कानीकपाळी ओरडून सांगितलेलं पक्कं लक्षात आहे. उभ्या पट्टीत कंपनीनेच पाडलेली चार भोकं मोकळी आहेत, ती वापरणार. पण पेटी आणि कंस यांच्यामध्ये रबर घालावं का? घातलं तर हादरे बसणार नाहीत, पण बोल्ट सैल पडतील अशी मला शंका आहे. ॲल्युमिनियमची पेटी आणि लोखंडी कंस एकमेकांना थेट टेकले तर हिवाळ्यात रस्त्यावर टाकतात त्या मिठाने जोड खाऊन जाईल, म्हणून मध्ये काहीतरी हवंच. मापांसकट कागदावर काढून दादाच्या फोनवर पाठवते आहे. त्यावर लाल पेनाने खुणा करून परत पाठवा. बोल्ट ८ चे पुरतील की १० चे घेऊ, तेही लिहा. ईस्टरच्या सुट्टीत ते काम धरायचं आहे, तोवर उत्तर यावं.

व्हिसाच्या कागदांचं दादाशी बोलणं झालं आहे. वहिनीला नमस्कार, पोरांना खूप खूप आशीर्वाद.

तुमची,
धाकटी