कुंपणाची बाहेरची बाजू

मा. नगरविकास मंत्री यांस,
स.न.वि.वि.

मी कुंपणं करतो. अँगल, पाइप, पट्टी आणि जाळी यांत माझी पंचवीस वर्षं गेली. दुकानं, गोदामं, कार्यालयं, पार्किंग, रिकामे भूखंड असं बाजारपेठेत जे जे वेढण्यासारखं असतं ते मी वेढून दिलं आहे. व्यापारी भागातल्या कुंपणांना नियम लावा, अशी मागणी मी करतोय हे कळल्यावर माझा भागीदार म्हणाला, ‘आपल्याच पोटावर पाय द्यायची हौस आली का?’ त्याला हे पत्र वाचून दाखवलं नाही.

गिऱ्हाईक आम्हाला तीन गोष्टी विचारतं. उंची किती ठेवणार, काम कधी होणार आणि कुणी चढून आत येणार नाही ना? बाहेरून चालणाऱ्याला हे लागेल का, असं आजवर एकानेही विचारलेलं नाही. विचारणार तरी कोण? पैसे आतला माणूस देतो आणि कुंपणाला खेटून रोज जातो तो बाहेरचा. त्याची कुठे सही लागत नाही. म्हणून माझी विनंती एवढीच आहे, की नियम लिहिणाऱ्याने कुंपणाच्या बाहेर उभं राहून ते लिहावेत. आत उभं राहून लिहिलं की उंची, रंग आणि शोभा यांच्या पुढे गाडी जात नाही.

माझ्याच हातून झालेली एक चूक सांगतो. कोपऱ्यावरच्या एका भूखंडाला कुंपण हवं होतं. ‘आरपार दिसलं पाहिजे’ ही मालकाची अट होती, आणि ती चांगलीच होती. मी ५० मिमी रुंद आणि ६ मिमी जाड पट्ट्या कडेवर उभ्या लावल्या, म्हणजे ६ मिमीची कड समोर, आणि मध्ये १०० मिमीची फट ठेवली. समोर उभं राहून पाहिलं तर हे कुंपण ९४ टक्के मोकळं. काम संपवून टेम्पो बोळातून बाहेर काढला आणि रस्त्याकडे बघितलं, तर समोर भिंत! एकही फट दिसेना. गणित साधं आहे. कुंपणाच्या रेषेशी साधारण २७ अंशांपेक्षा कमी कोनातून बघितलं की अशा पट्ट्या एकमेकींना झाकतात. आणि कोपऱ्यावर गाडीवाला नेमका त्याच तिरक्या कोनातून बघतो. कागदावर जाळी होती, रस्त्यावर पत्रा झाला.

तेव्हा ‘कुंपण इतके टक्के पारदर्शक असावे’ असं कलम लिहून भागणार नाही. कोपऱ्यावर आणि पार्किंगच्या तोंडाशी उंचीच कमी हवी. रस्त्यांची आखणी करणारे मोटारचालकाचा डोळा जमिनीपासून साधारण एक ते सव्वा मीटरवर धरतात. ताशी ४० किलोमीटर वेगाने येणारी गाडी, चालकाचा प्रतिसादाचा वेळ अडीच सेकंद धरला तर, ब्रेकवर पाय पडेपर्यंतच जवळजवळ २८ मीटर पुढे गेलेली असते. इंग्लंडमध्ये वाहनांच्या रस्त्याला लागून असलेलं कुंपण एक मीटरपर्यंत, आणि इतरत्र दोन मीटरपर्यंत, सर्वसाधारणपणे वेगळ्या परवानगीशिवाय चालतं. त्याहून उंच हवं असेल तर अर्ज करावा लागतो. आपल्याला निराळे आकडे योग्य वाटले तरी हरकत नाही, पण रस्त्याकडची बाजू आणि बाकीच्या बाजू यांना एकच माप लावू नका. आणि एक मीटरच्या खालचा भागही बंद नको, कारण त्यामागून धावत येणारं लहान मूल कुणालाच दिसत नाही.

आता वरच्या टोकांविषयी. काटेरी तारेचं गाजलेलं पेटंट अमेरिकेत १८७४ मध्ये निघालं ते गुरं अडवण्यासाठी. जनावराला टोचलं की ते मागे सरतं. बाजारात गर्दीचा धक्का लागलेल्या माणसाला मागे सरायला जागाच नसते. ब्लेडची, म्हणजे धारदार पाती असलेल्या तारेची, गुंडाळी तर त्याहून वाईट. तिच्यात अडकलेलं कापड सोडवायला हात घालावा तर हातही कापतो. मी स्वतः ती लावताना जाड हातमोजे घालतो, यावरून काय ते समजा. डोक्यापासून हातभर उंचावर आणि आतल्या बाजूला झुकवून लावली असेल तर एक वेळ समजू शकतो. पदपथाच्या बाजूला झुकलेली किंवा खांद्याच्या उंचीवर आलेली तार मात्र पूर्ण बंद व्हायला हवी. फाटकावरच्या भाल्यांचंही तसंच. कुलूप लागलेलं असताना घाईत वरून जाणारा प्रत्येक जण चोर नसतो. कधी तो तिथलाच कामगार असतो.

विजेच्या कुंपणाला फार शब्द घालवत नाही. त्याच्या यंत्राला आंतरराष्ट्रीय मानक आहे. ठोका क्षणभराचा असतो, दोन ठोक्यांत किमान सेकंदाचं अंतर असतं आणि ठोक्याच्या ऊर्जेला मर्यादा असते. तारेला थेट घरातली वीज जोडणं म्हणजे कुंपण नव्हे, सापळा आहे. ज्याने जोडली त्याच्यावर आणि ज्याने जोडून दिली त्याच्यावर, दोघांवरही गुन्हा असावा.

वाऱ्याचं मात्र नीट ऐकून घ्या, कारण त्याबद्दल कुणी बोलत नाही. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट. ताशी १०८ किलोमीटरच्या वादळात सपाट पृष्ठभागावर चौरस मीटरला साधारण ५५ किलो दाब येतो. म्हणजे तीन मीटर लांब, दोन मीटर उंच अशा एका पत्र्यावर ३३० किलो, तेही कडांभोवतीचं खेचणं धरलं नाही तर. त्या पत्र्याचा खांब जमिनीत किती गाडलेला असतो? बऱ्याचदा फूटभर. आणि जाळीतून वारा जाऊ शकतो म्हणून जिथे हलके खांब लावलेले असतात, तिथे पुढच्या महिन्यात भाडेकरू येऊन जाहिरातीचा फ्लेक्स बांधतो. झालं, जाळीचं शीड झालं. कुंपण मी जाळीचं दिलेलं असतं, पडतं ते फ्लेक्सचं, आणि पडतं ते शेजारून जाणाऱ्याच्या अंगावर. जाळीला फ्लेक्स बांधायला बंदी करा, नाहीतर खांब आणि पाया भरीव कुंपणाच्या हिशेबाने घ्यायला लावा.

आणि हा पाया जायचा कुठे? कुंपण शेत खातं ही म्हण आपण शेतावर सोडून दिली. बाजारपेठेत ते पदपथ खातं. खांब हद्दीच्या रेषेवर, म्हणून काँक्रीट निम्मं बाहेर. मग त्यावर कट्टा, कट्ट्यावर कुंड्या. चाकाच्या दोन खुर्च्यांना समोरासमोरून जायला साधारण १.८ मीटर रुंदी लागते. त्यातली पाव मीटर एकाने खाल्ली की पुढचा म्हणतो, त्याचं चालतं तर माझं का नाही? पायासकट सगळं कुंपण हद्दीच्या आत, एवढं एक वाक्य नियमात आलं तरी निम्मं काम होईल. फाटकाचं पानही आतच उघडावं. सरकत्या फाटकाला रुळाच्या शेवटी भक्कम अडणी आणि वरून आधार हवाच. तो नसेल तर काही शे किलोचं पान एखाद्या दिवशी रूळ सोडतं, आणि ते ढकलणारा बहुतेक वेळा पहारेकरीच असतो.

दुकानांपुढे गाड्या लावू नयेत म्हणून दोन खुंट्यांमध्ये साखळी सोडलेली असते. दिसायला निरुपद्रवी. पण दृष्टिहीन माणसाची पांढरी काठी तिच्या खालून निघून जाते आणि साखळी त्याला गुडघ्यावर लागते. काठीला लागेल असा एक आडवा दांडा जमिनीलगत असला तर ती अडचण संपते. याला खर्च किती? एका पाइपाचा.

साहित्याबद्दल मला भीती वाटते ती निराळीच. कुठल्याही शहराने असे नियम करायला घेतले की पहिली कुऱ्हाड साध्या तारेच्या जाळीवर पडते, कारण ती ‘दिसायला बरी नाही’. बऱ्याच अमेरिकन शहरांनी दर्शनी बाजूला तिला सरळ बंदी घातली आहे. मला हे पटत नाही. जाळीतून पलीकडचं दिसतं, वारा जातो, ती स्वस्त आहे आणि छोट्या दुकानदाराला परवडते. तिचा खरा दोष वरच्या कापलेल्या टोकांत आहे, आणि ती टोकं दुमडून घेतलेली जाळीही मिळते. दुमडलेलीच लावायची सक्ती करा. दिसण्यावर बोट ठेवून साहित्य बाद करू नका. दुसऱ्या महायुद्धात लंडनमधले लोखंडी कठडे सरकारने कापून नेले. युद्ध संपल्यावर तिथल्या काही वसाहतींना हवाई हल्ल्यांतल्या जखमींसाठी बनवलेल्या स्ट्रेचरांची कुंपणं लावली गेली. टोकाशी वाकवलेले पाइप आणि मध्ये जाळी. ती आजही काही ठिकाणी उभी आहेत. ‘मान्यताप्राप्त शोभिवंत साहित्य’ असा शब्द नियमात असता तर त्यातलं एकही लागलं नसतं.

दिसण्यापेक्षा गंज बघा. खांब सडतो तो जमिनीलगत, जिथे लोखंड काँक्रीटमध्ये शिरतं आणि पाणी थांबतं. पोकळ पाइपाच्या तोंडावर टोपी नसेल तर पाणी आत साचून तो आतून खलास होतो, आणि बाहेर रंग नवा कोरा. जस्ताच्या गरम टाकीत, साधारण ४५० अंश सेल्सिअसला, बुडवून काढलेला खांब चांगला टिकतो. पण बुडवल्यानंतर त्याला वेल्डिंग केलं की त्या जागचं जस्त जळून जातं आणि गंजाला दार उघडतं. आमच्यातले बरेच जण त्यावर रुपेरी रंग मारून मोकळे होतात. मीही मारला आहे. तपासणी करणाऱ्या माणसाला हे माहीत असलं पाहिजे. त्याने फक्त टेप लावून उंची मोजली तर काय उपयोग?

बांधकामाभोवतीचे तात्पुरते पत्रे मी मुद्दाम शेवटी ठेवले. ‘तात्पुरतं’ हा शब्द या धंद्यात फार लवचीक आहे. त्यांचे काँक्रीटचे पाय पदपथावर बाहेर आलेले असतात आणि ते अग्निशमनाच्या नळालाही वेढून टाकतात. अशा प्रत्येक कुंपणावर परवान्याची मुदत ठळक रंगवलेली असावी, म्हणजे येणाराजाणाराही तारीख वाचेल. नळाभोवती सगळीकडून मीटरभर जागा मोकळी राहावी. आणि इमारतीतून पळून बाहेर येणाऱ्या माणसांची वाट कुंपणाशी येऊन थांबू नये, हे प्रत्येक नकाशात बघितलं जावं.

जुन्या कुंपणांचं काय, हा प्रश्न लगेच येईल. सगळी एका फटक्यात पाडायला लावली तर छोटा दुकानदार मरेल आणि मोठा न्यायालयात जाईल. माझ्या मते ब्लेड, विजेची तार, कोपऱ्यावरची आंधळी कुंपणं आणि आधार नसलेली सरकती फाटकं यांना थोड्या महिन्यांची मुदत द्यावी. बाकीची दुरुस्तीला येतील तेव्हा बदलावीत. परवानगीचा अर्ज एका पानाचा असावा, आणि त्यावर मालकासोबत कुंपण करणाऱ्याचीही सही घ्यावी. सही लागणार म्हटल्यावर मी खांब फूटभर गाडणार नाही, एवढं स्वतःपुरतं सांगू शकतो.

मसुदा हरकती-सूचनांसाठी जाहीर कराल तेव्हा वास्तुविशारद आणि व्यापारी संघटनांसोबत आम्हा फॅब्रिकेटर मंडळींनाही बोलवा. कडेवर लावलेल्या पट्ट्यांचा एक तुकडा मी बनवून ठेवला आहे. तो टेबलावर ठेवून तिरका बघितलात तर कोपऱ्याचं कलम कसं लिहायचं ते लगेच लक्षात येईल.

आपला नम्र,
कुंपणाचं काम करणारा एक कारागीर